मागांचा खडखडाट

योगराजची कादंबरी पुण्याहून तिसऱ्यांदा परत आली. संपादकांनी या वेळी एवढंच लिहिलं होतं, 'मागांचा खडखडाट छान उतरलाय, पण मागापाशी उभा असलेला माणूस काही दिसत नाही.'

योगराजला आता रागही येईना. तो माणूस म्हणजे त्याचे वडील, लिंबायतच्या पॉवरलूमवर उभं आयुष्य काढलेले सुकदेवनाना. लिहिणं कायमचं सोडण्याआधी ज्याची गोष्ट आहे त्याला तरी ती ऐकवावी, म्हणून तो रविवारी नानांसमोर बसला आणि कागद डोळ्यांपुढे धरून त्याने पहिलं प्रकरण अगदी जीव ओतून वाचलं. नानांनी मध्ये एकदाही त्याला अडवलं नाही. इतकं मन लावून आजवर त्याचं कुणीच ऐकलं नव्हतं.

त्याने कागद मांडीवर ठेवले आणि विचारलं, "नाना, कसं वाटलं?"

नाना कसंनुसं हसले.

"मना कान तं मागसना खडखडाटमाच गयात, भाऊ. माले ओठ देखीसनच समजस, आन् तू तं सगळा येळ तोंडवर कागद धरेल व्हता."