एकच प्रत

"हा न्या," कॅसेटवाल्याने काउंटरवरून कॅसेट पुढे सरकवली. "नाव ऐकलं नसेल तुम्ही. पण बघा, आणि मग बोला."

गिऱ्हाइकाने ती उलटीपालटी केली. "मारामारी आहे?"

"नाही."

"गाणी?"

"एक आहे. तेही मागे वाजतं."

"मग राहू द्या," म्हणत गिऱ्हाईक नेहमीचाच मारधाडीचा सिनेमा घेऊन गेलं. गाढवाला गुळाची चव काय!

अकरा वर्षं हेच चाललं होतं. दुकानात शिरताच समोर दिसेल अशा फळीवर पाटी होती: 'कुणी न पाहिलेले चांगले सिनेमे'. एकेक कॅसेट त्याने पारखून घेतलेली. लोक घरची लग्नं भरून आणतील, या धास्तीने प्रत्येकीच्या मागचा प्लॅस्टिकचा तुकडा त्याने स्वतः मोडून ठेवला होता; तो मोडला की कॅसेटवर नवं काही भरता येत नसे. पण सांगून सांगून जीभ झिजली, तरी त्या फळीला हात लावणारा सापडेल तर शपथ.

फळीच्या मधोमध त्याचा स्वतःचा सिनेमा होता. आयुष्यात त्याने एकच काढला. अंथरुणाला खिळलेल्या घड्याळजीची गोष्ट. उमेदीची सहा वर्षं त्यात गेली आणि थिएटरातून तो चार दिवसांत उतरला. पुढे लॅबच्या तळघरात पाणी शिरलं आणि निगेटिव्हचा लगदा झाला. उरली ही कॅसेट. बायको म्हणायची, "अहो, दुसरी प्रत तरी काढून ठेवा." तो म्हणायचा, "पहिलीच कोण नेतंय?" स्वतः तो ती कधी लावत नसे. बघेन तर मोठ्या पडद्यावरच, असा हट्ट होता त्याचा.

ती नेणारं माणूस एकच, पिशवीवाल्या ताई. दीड वर्षापूर्वी कापडी पिशवी छातीशी धरून त्या पहिल्यांदा दुकानात आल्या होत्या.

"घरी आजारी माणूस आहे. काहीतरी शांत द्या."

त्याने भीत भीत तीच दिली. "माझाच आहे. एवढी एकच प्रत आहे, जपा."

दोन दिवसांत परत यायला हवी होती ती कॅसेट तीन आठवड्यांनी आली. ताईंचे डोळे सुजलेले होते. कॅसेटची मागची कड, तुकडा मोडलेल्या जागी, चिकटपट्टी काढल्यासारखी बोटांना चिकट लागली. त्याने ती शर्टाला पुसली आणि विसरून गेला.

"दंड घ्या," ताई म्हणाल्या.

"दंड कसला! कसा वाटला ते सांगा."

"ते उशीला टेकून हसतात ना," त्या म्हणाल्या, "तिथे मी थांबवते. मग पुन्हा मागे नेते."

तो घरी गेला तो हवेतच. नेमक्या त्याच प्रसंगाला एका समीक्षकाने 'झोपेचं औषध' म्हटलं होतं. आणि ही बाई त्याच्या घड्याळजीला मानाने 'ते' म्हणत होती!

तेव्हापासून ताई दर शनिवारी येत आणि तीच कॅसेट नेत. एकदा त्यांनी विचारलं, "विकत द्याल का? म्हणाल ते देते."

"जीव मागा ताई, पण ती नाही."

"मग निदान दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"मागतंय कोण!" तो हसला.

पुढे सिनेमांच्या सीडी, त्या चकत्या आल्या आणि कॅसेटींची सद्दी संपली. दुकान महिनाअखेरीस बंद करायचं ठरलं. त्याच सुमारास फिल्म क्लबचे सचिव आले. कमी पाहिलेल्या सिनेमांचा खेळ करायचा होता, नावं सुचवा म्हणाले. त्याने पाच सुचवली. सहावं सुचवताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"स्वतःचाच?" सचिवांनी भुवया उंचावल्या.

"एक बाई दर आठवड्याला नेतात. दीड वर्षं."

सचिव थांबले. "असं? मग त्यात काहीतरी असणार. रविवारी सकाळी लावू."

शनिवारी ताई आल्या तेव्हा त्याला राहवेना. "आज कॅसेट नाही ताई. उद्या मोठ्या पडद्यावर! पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तुमची."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "नका लावू. दुसरा कुठलाही लावा, पण तो नको."

"घाबरू नका, जपून लावतील."

"तसं नाही हो. मला तुम्हाला एक सांगायचंय. पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं..."

"मला ठाऊक आहे," तो मध्येच म्हणाला. "ताई, तुम्ही नसतात ना, तर हे दुकान मी केव्हाच बंद केलं असतं. आणि दुकानच काय, मीही उरलो नसतो."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी उचलून निघून गेल्या.

रविवारी साठ खुर्च्या भरल्या. फक्त ताईंची रिकामी होती. बायकोने कितीतरी वर्षांनी केसांना रंग लावला होता. पडद्यावर त्याचं नाव आलं तेव्हा तिने त्याचा हात घट्ट धरला. घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं. दहा मिनिटं झाली. मागे कुणीतरी जांभई दिली.

मग चित्र थरथरलं. एक करडी पट्टी वरून खाली सरकली.

एक खोली दिसली. औषधांच्या बाटल्या, नाकात नळी, आणि उशीला टेकून हसणारा एक खंगलेला माणूस.

"अगं, परक्याच्या सिनेमावर काढतेयस तू हे," तो म्हणाला.

"घरात दुसरी कॅसेट नाही," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "आणि तो बघतंय कोण? तुम्ही हसा बघू. असेच हसत राहा."

त्या माणसाने हात हलवला. पिशवीवाल्या ताई समोर आल्या आणि त्याच्या उशाशी बसल्या.

मागे कुणीतरी हुंदका आवरत होतं. सचिव त्याच्या कानाशी वाकले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इथून खरा सिनेमा सुरू झाला बघा," ते कुजबुजले. "हा नट कुठे सापडला हो तुम्हाला?"