पातळ कापडाचा तंबू

गावात जमिनीखालून गुडगुड आवाज येऊ लागले, तशी माणसं अंगणात झोपू लागली. साखराबाई मुलाला, रामलिंगला, घेऊन लातूरला तंबूच्या दुकानात आल्या.

रामलिंगनं लोखंडी पाइपांचा, जाड ताडपत्रीचा तंबू पसंत केला. "माय, ह्यो वादळातबी हलायचा न्हाई."

साखराबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. सगळ्यांत पातळ कापडाचा तंबू उभा होता, त्याखाली जाऊन त्या बसल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दोऱ्या सोडा. पडू द्या माझ्या अंगावर."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. रामलिंग ओशाळला. कापड खाली आलं आणि बराच वेळ आत काहीच हललं नाही. मग दोन सुरकुतलेल्या हातांनी ते अलगद वर उचललं. साखराबाई बाहेर आल्या.

"ह्योच घ्यायचा."

"अगं, पाऊस आला तर समदे भिजू की!"

"भिजू."

रामलिंग चिडून काही बोलणार, तोच त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

"तुझी आक्का मागल्या भूकंपात झोपेतच गेली, असं सांगत आले तुला. खोटं हाय ते. माळवदाच्या दगडामातीखालून दुपारपातुर हाका मारत होती लेकरू... मला एक दगड हलला न्हाई."