शेवटची चार पानं

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, तेव्हापासून काही हवं असलं की ते उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. दुपारी थोरली बाहेरच्या खोलीत कादंबरी घेऊन बसली होती आणि फोनवर धाकटी होती.

"तू दिलेलं हे पुस्तक डोक्यात गेलंय माझ्या. म्हातारी आतून पाणी पाणी करतेय आणि ही नवराबायको टीव्हीचा आवाज वाढवतात. माणसं आहेत का कोण आहेत?"

"मी तर अर्ध्यातच ठेवून दिलं, ताई. एक माणूस धड नाही त्यात. तू शेवट तेवढा वाचून दाखव. आणि मघापासून काय वाजतंय गं तिकडे?"

"बाबा, दुसरं कोण? दिवसभर तोच उद्योग असतो त्यांचा. थांब, दार लोटून घेते."

दार लोटून ती परत येऊन बसली आणि शेवटची चार पानं मोठ्याने वाचू लागली. दोघी मध्ये मध्ये त्या नवराबायकोला शिव्या घालत होत्या. म्हातारी गेली त्या ओळीवर तर थोरलीला हुंदकाच आला.



आतला चमचा त्याच्या आधीच थांबला होता.