भैयाजींची तिसरी चाल

या मायबापहो, पुढं सरका, एका चालीची गोष्ट ऐका. कधीकाळी गुंड असलेल्या भैयाजींनी वाढदिवसाला तात्यापारा मोहल्ल्यातल्या देवळात स्वतःवरच कीर्तन ठेवलं. पेटी वाजवणाऱ्या स्वरदानं एकच चाल तीन रूपांत बांधली: गुंडाची दणदणीत, पश्चात्तापाची संथ, भक्ताची गोड. कीर्तनाआधी भैयाजी म्हणाले, “दीदी, पश्चात्ताप जरा लंबा बजाना, व्हिडिओ बन रहा है.” वळताना पायरीवरच्या म्हाताऱ्या फुलवालीची टोपली त्यांनी बुटानं उडवली. “हट! फ्रेम में आ रही है!” चिरडलेला झेंडू बुटाला चिकटला. बूट काढून, हात जोडून ते देवापुढं बसले. हे सारं पाहून स्वरदा पेटीवर बसली. आख्यान रंगलं, भक्ताच्या चालीची पाळी आली. पेटीतून गुंडाचीच चाल दणाणली. कीर्तनकार बुवा कुजबुजले, “काहून वं पोरी, चाल चुकली?” “बरोबर आहे, बुवा. माणूसच बदलला नाही.” भक्तहो, देवाला झेंडू वाहताना त्या फुलवालीला आठवा.