गेंगकाकांचं लेकरू

"घर?"

"स्वतःचं. तीन खोल्या, खिडकीतून नदी दिसते," गेंगकाका म्हणाले.

बागेतल्या लग्नबाजारात दर रविवारी हेच. जमिनीवर उघडी छत्री, छत्रीवर कागद, कागदावर लग्नाचं पोर, मागं स्टुलावर आईबाप. काकूंनी आज निघतानाच बजावलं होतं, "आज कुणी थांबलं नाही, तर पुढच्या रविवारचा कागद मी लिहिणार. निम्मं गाळून."

पण आज कागदाच्या माथ्यावरचं 'आमचं लेकरू, चौतीस' वाचून मुलींच्या आया थांबल्या होत्या, चांगल्या सहा-सात.

"नोकरी?"

"टॉवर क्रेन चालवतं आमचं लेकरू. साठ मजल्यांच्या वर बसतं. मागं एकदा आकड्यात ढग अडकला. तसाच ओढत नदीपार नेला. पलीकडच्यांच्या वाळत घातलेल्या गोधड्या भिजल्या."

"काहीतरीच तुमचं!" बाया हसल्या, पण हलल्या नाहीत. "आणि राग?"

"येतो की. पण शिडी एवढी लांब, खाली उतरेस्तोवर निम्म्या वाटेत संपतो."

"जावई असावा तर असा. फोटो दाखवा, काका."

काकांनी फोन पुढं धरला. पिवळं हेल्मेट, ग्रीसने माखलेले हातमोजे, खांद्यावर जाडजूड वेणी.

"अगं बाई! ही तर मुलगी!"

"मग मी मुलगा कधी म्हणालो? लेकरू म्हणालो."

"चौतीस वर्षांची, त्यात स्वतःचं घर! कोण धजेल हो? क्रेन गाळा, घर गाळा. ऑफिसात आहे म्हणा."

"एवढं गाळल्यावर उरतं काय? जन्मसाल?"

घोळका पांगला. काकांनी थर्मासचं झाकण काढलं आणि चहा न पिताच परत लावलं. काकूंचं अक्षर फार सुबक. त्यांचा कागद कसा दिसेल, ते काकांना आत्ताच दिसायला लागलं.

शेजारच्या छत्रीमागं तानबाई इतका वेळ सूर्यफुलाच्या बिया सोलत सगळं ऐकत होत्या. त्यांच्या कागदावर होतं: 'मुलगा, छत्तीस. शिक्षण खात्यात.'

"पेन आहे का हो?" त्यांनी काकांना विचारलं.

"आहे. खात्यात म्हणजे कुठं?"

"बालवाडीत," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पोरांना शिकवतो."

पेन हातात आलं तशी त्यांनी 'शिक्षण खात्यात'वर आडवी रेघ ओढली आणि खाली ठसठशीत लिहिलं: 'बालवाडीचा मास्तर. अठ्ठावीस पोरांना एका गाण्यात झोपवतो. मासा असा रांधतो की शेजारी ताटली घेऊन येतात. घर नाही.'

दोन पावलं मागं जाऊन त्यांनी ते वाचलं. मग वळल्या, आणि आता आवाज अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा होता.

"आता मी विचारते. तुमच्या लेकराला तिखट सोसतं का? माझ्या मुलाचा हात फार तिखट आहे, काका. आणि ते मी कमी करून सांगायची नाही."