सत्ती आणि दुर्री

सुनीतीने समोरच्या सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे सारल्या. "ऑल-इन," ती म्हणाली.



"ताई, चुकून हात लागला का?" शुभमने विचारलं.

"नाही."

"अरे, आमची भित्री भागूबाई जागी झाली!" प्रसाद ओरडला. "नीलिमा, लवकर ये, बघ!"

नीलिमाने सुरुवातीलाच पत्ते टाकून डाव सोडला होता आणि ती आत डबा भरायला गेली होती. तिथूनच ती म्हणाली, "खेळू दे रे तिला!"

माउंट रॉस्किल या उपनगरातल्या नीलिमाच्या घरच्या गॅरेजमध्ये पोकरचा आजचा शेवटचा डाव चालला होता. त्यांचा नियम साधा होता. पाच वाजता शेवटचा डाव वाटायचा आणि तो जो जिंकेल, त्याच्या घरी पुढचा रविवार. जिंकणाऱ्याने बाकी चौघांना जेवू घालायचं.

या डावात बिग ब्लाइंड सुनीतीचा होता. म्हणजे पत्ते हातात येण्याआधीच, न बघता, तिला चिप्स टाकाव्या लागल्या होत्या. मग प्रसाद आणि शुभमने तेवढ्याच टाकल्या. तिच्या उजव्या हाताला स्मॉल ब्लाइंडवर बसलेल्या काशिनाथकाकांनीही आपल्या पुऱ्या केल्या. कोणी वाढवलं नव्हतं. आणखी काही न टाकता तिने नुसतं 'चेक' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तिच्या हातात इस्पिकची सत्ती होती आणि चौकटची दुर्री. या खेळात याहून वाईट हात नसतो.

चांगला हात आला असता, तर तिने तो सवयीने टाकून दिला असता. चौदा महिने ती तेच करत होती. शेवटच्या डावात तिने राण्यांची जोडी टाकली होती, एकदा तर राजांची. पाच जण, साठेक रविवार. हिशेबाने बाराएक वेळा तिच्या घरी जेवण व्हायला हवं होतं. झालं होतं शून्य वेळा. प्रयोगशाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या बघणाऱ्या सुनीतीच्या असं शून्य लगेच डोळ्यांत भरलं असतं. या लोकांच्या ते कसं लक्षात आलं नाही, याचं तिला नवल वाटे.

"शुभंकरची आज पण ड्यूटी?" असं दर रविवारी कोणीतरी विचारायचं. ती 'हो' म्हणायची. नीलिमा त्याच्यासाठी डबा भरून द्यायची, आणि सोमवारी दुपारी ती तो प्रयोगशाळेत बसून खायची.

शुभंकर, तिचा नवरा, चौदा महिन्यांपूर्वी ब्रिस्बेनला गेला, तो परत येणार नव्हता. जाण्याआधी त्याने ऑनलाइन जाहिरात टाकून जेवणाचं टेबल आणि पाच खुर्च्या विकून टाकल्या. सहावीचा एक पाय हलत होता, म्हणून तेवढी खुर्ची मनुरेवातल्या त्यांच्या घरात राहिली. सुनीती तिच्यावर बसून जेवत असे, ताट ओट्यावर ठेवून.

हे तोंडाने सांगणं तिला जमलं नव्हतं. पहिल्या रविवारी ती 'ड्यूटी आहे' म्हणाली आणि मग तेच सांगत राहिली. तपशील बदलला नाही, की कोणाला संशय येत नाही. पण काल, शनिवारी, दिवसभरात तिचा आवाज एकदाच बाहेर पडला होता. कोपऱ्यावरच्या डेअरीत, दुधाचे पैसे देताना. 'थँक यू' म्हणताना तो फाटला आणि दुकानदारीण बाई चमकून बघायला लागली.

सांगता येत नव्हतं. दाखवता आलं असतं. त्यासाठी हा एक डाव जिंकायला हवा होता, आणि हातात सत्ती-दुर्री होती.

प्रसादने पत्ते बघितले, तिच्याकडे बघितलं. "भागूबाई ऑल-इन जाते म्हणजे काहीतरी जबरदस्त आहे. मी नाही बाबा." त्याने पत्ते टाकले.

"मी पण नाही," शुभम म्हणाला. "ताई, हॉटेलचं मागवायचं नाही हं. पुरणपोळी पाहिजे."

आता फक्त काशिनाथकाका राहिले. काका सत्तरीचे. चांगला हात आला की मुद्दाम गप्प बसून समोरच्याला पुढे येऊ देणं, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ सुनीतीकडे बघत राहिले. चिप्सकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तिने श्वास एकसारखा ठेवला.

"तुझ्याकडे काही नाहीये," ते हळूच म्हणाले.

"बघायचं असेल तर चिप्स टाका, काका."

काकांनी आपले पत्ते उचलले आणि कोणाला दिसणार नाही असे तिच्या बाजूला कलते केले. बदामचा एक्का. किलवरचा एक्का.

मग ते पालथे करून त्यांनी टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात सारले.

"छे, आज नाही पत्ता," ते मोठ्याने म्हणाले. "घे, सुनीती. जिंकलीस."

तिने सत्ती आणि दुर्री पालथ्याच ढिगात मिसळल्या. मग तिने सगळ्या चिप्स ओढून घेतल्या. नीलिमा डबा घेऊन दारात आली होती.

"पुढचा रविवार माझ्याकडे," सुनीती म्हणाली. "फक्त... माझ्या घरी..."

"बारा वाजता," काका उठता उठता म्हणाले. "आणि येताना प्रत्येकाने आपापली खुर्ची आणायची."

"माझ्या ट्रेलरमध्ये सगळ्या मावतील," शुभम म्हणाला.

"आमचं फोल्डिंगचं टेबल पण टाक रे," नीलिमा म्हणाली, आणि तिने डबा सुनीतीच्या हातात दिला.

खुर्च्या कशाला, हे कोणीच विचारलं नाही.