आतली कडी

जीव देता देता वाचले. दवाखान्यातून परतेपर्यंत बाबांनी माझ्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती. सुतारच ते, दोन मिनिटांचं काम. आता दर पंधरा मिनिटांनी आई डोकावते, "काही नाही, सहज." चोविसाव्या वर्षी मी दाराला पाठ लावून कपडे बदलते. काल मी ओरडलेच, "दार लागत नाही तिथे माणूस बरा कसा होणार?" आज बाबा हत्यारांची पिशवी घेऊन कडी बसवायला आले. लहानपणीसारखी मी एकेक स्क्रू देत होते. सगळे जेमतेम अर्ध्या इंचाचे. बाहेरून खांदा मारला की कडी निघालीच. सुताराच्या मुलीला एवढं कळतं. "घट्ट बसली?" मी विचारलं. "एकदम." बाबांनी नजर चुकवली. ते बाहेर गेल्यावर कडी लावली. दाराखालच्या फटीत त्यांची पावलं दिसली. "जा ना आता," मी म्हणाले. पावलं हलली नाहीत.